टेंगूळ आणि डोंगर

पगारे मॅडम आलेखाचा कागद कधी समोर धरून बघत नसत. खिडकीपाशी जायच्या, कागद आडवा करून डोळ्यांच्या पातळीवर धरायच्या, एक डोळा मिटायच्या आणि सुतार फळीचा बाक पाहतो तशी त्या कागदावरून नजर फिरवायच्या. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी नगरच्या एका सरकारी कार्यालयात रुजू झालो, त्या सकाळीही त्या अशाच उभ्या होत्या. मी नमस्कार केला. मिटलेला डोळा तसाच ठेवून त्या म्हणाल्या, "बसा. एवढा डोंगर उतरते आणि बोलते."

आमचं कार्यालय जिल्ह्यातल्या आजारांवर नजर ठेवायचं. गावोगावच्या उपकेंद्रांतून दर आठवड्याला आकडे यायचे: जुलाब किती, ताप किती, कावीळ किती. त्या आकड्यांची रेष काढायचं काम शकुंतला पगारे यांच्याकडे. माझ्या हुद्द्याचं नाव लांबलचक होतं, पण काम एकच, साहेबांनी काय केलं ते वर्तमानपत्रांना कळवायचं. आम्हा दोघांत मिळून एक खोली आणि एक पंखा. पंखा लावला की मॅडमचे कागद उडत, म्हणून तो बंदच असे.

मॅडम मूळच्या श्रीगोंदा तालुक्यातल्या. वडील साखर कारखान्यात फिटर. आजोबांनी छप्पन साली धम्म स्वीकारला आणि त्याच्या मागोमाग घरात शाळेचं दप्तर आलं, असं त्या सांगत. पुण्याला राहून त्यांनी संख्याशास्त्रात एम.एस्सी. केली. "आईनं विचारलं, संख्याशास्त्र म्हंजी काय गं? मी म्हणाले, आकड्यांच्या चहाड्या ऐकायच्या. तर म्हणाली, त्यापायी पुन्याला कशाला जायचं, आपल्या गल्लीत बस की." हे सांगताना त्या हसत नसत. त्यांचं हसणं चष्म्याच्या मागे कुठेतरी व्हायचं आणि समोरच्याला ते घरी गेल्यावर कळायचं.

मी मराठी विषय घेऊन पदवीधर झालेला. आकडा दिसला की मला तहान लागायची. पण एका खोलीत राहायचं म्हणजे शेजाऱ्याची भाषा थोडी शिकावी लागते. मॅडमनी मला ती दोन कप चहात शिकवली.

"खरे आकडे मांडले की रेष करवतीसारखी दिसते," त्या म्हणाल्या. "एका आठवड्याला वर, दुसऱ्याला खाली. साहेबांना करवत आवडत नाही. पहिल्याच मीटिंगला म्हणाले, हे काय, लाकूड कापायचंय का? मग मी ती घासायला लागले. मागचा आठवडा, पुढचा आठवडा आणि मधला आपला, तिघांची सरासरी घ्यायची आणि मधल्याच्या नावावर टाकायची. असं सगळीकडे केलं की करवतीची सापाची पाठ होते."

"आणि मग?"

"मग शिखर शोधायचं. जो दोन्ही शेजाऱ्यांपेक्षा उंच तो शिखर. जो दोघांपेक्षा खाली ती दरी. एवढंच शास्त्र. बाकी मर्जी."

"मर्जी कसली त्यात?"

"किती घासायचं त्याची. कमी घासलं तर उठल्यासुटल्या शिखर. जास्त घासलं तर या जिल्ह्यात कधी कुणी आजारीच पडलं नाही."

या मर्जीला काहीतरी शिस्त हवी म्हणून त्यांनी स्वतःच एक नियम केला होता. एखादा आकडा एकाच आठवड्यापुरता उसळला आणि मागेपुढे काही नसलं, तर तो लिहिणाऱ्याच्या हातची चूक समजून सोडून द्यायचा. "कपाळाला टेंगूळ आलं तर त्याला डोंगर म्हणत नाहीत," त्या म्हणत. हा शब्द साहेबांना इतका आवडला की मीटिंगमध्ये कुणी तालुक्याची तक्रार घेऊन उभं राहिलं, की ते खुर्चीत मागे रेलून म्हणत, "टेंगूळ असेल. बसेल आपोआप."

साहेब तसे वाईट माणूस नव्हते. त्यांना कामाची हौस होती, आणि कामापेक्षा थोडी जास्त हौस त्याच्या बातमीची. रेषेवर शिखर दिसलं की ते जीप काढायचे, त्या भागात जायचे, विहिरीत डोकावायचे, दोन माणसांना झापायचे. नंतरच्या आठवड्यांत आकडे उतरायचे आणि मी बातमी करायचो: 'साहेबांच्या भेटीनंतर साथ आटोक्यात'. वर्षभर हे इतकं बिनचूक चाललं की मलाही साहेबांच्या पायगुणाबद्दल आदर वाटू लागला.

एके दिवशी मॅडमनी मला खिडकीपाशी बोलावलं. वर्षाच्या रेषेवर त्यांनी साहेबांच्या भेटींचे तांबडे ठिपके दिले होते. प्रत्येक ठिपका शिखराच्या जरा पुढे, उतरणीवर.

"शेळकेभाऊ, शिखर हे शिखर आहे हे कळायला त्याचा पुढचा शेजारी यावा लागतो. तो खाली आला तरच आपण याला शिखर म्हणतो. म्हणजे आम्ही साहेबांना शिखर दाखवतो तेव्हा साथ उतरायला लागलेलीच असते. साहेब कायम उतारावर पोचतात. उतारावर गाडी कुणीही चालवतं."

"मग साहेबांना सांगा की हे."

"कालच दाखवलं," त्या म्हणाल्या. "त्यांनी सगळे ठिपके पाहिले, ठिपक्यानंतर रेष कशी खाली येते ते पाहिलं आणि म्हणाले, फारच छान, याला फ्रेम करून द्या."

तो आलेख खरंच काचेत जाऊन साहेबांच्या खुर्चीमागे लागला. आलेल्या पाहुण्यांना साहेब छडीनं ठिपके दाखवत आणि चहा मागवत.

त्यानंतरच्या पावसाळ्यातली गोष्ट. पुणतांब्याच्या पुढे गोदावरीच्या काठाला एक गाव आहे, नाव सांगत नाही. तिथल्या उपकेंद्रातून एका आठवड्याला जुलाब-उलट्यांचा मोठा आकडा आला. पुढच्या आठवड्याला अहवालच आला नाही. अहवाल आला नाही तर कारकुनानं त्या रकान्यात शून्य भरायचं, अशी वहिवाट होती. कुणी पाडली ते कुणालाच माहीत नव्हतं, त्यामुळे ती मोडायचं कुणाला सुचलं नाही. आधीचे आठवडे साधे, मधला एक उंच, पुढे शून्य. सरासरी घेतल्यावर जिल्ह्याच्या रेषेला जेमतेम पोक आला.

मीटिंगमध्ये साहेबांनी विचारलं, "मॅडम, हे काय आहे?"

मॅडम म्हणाल्या, "टेंगूळ आहे, साहेब."

विषय संपला. मी तिथेच होतो. त्यांचा आवाज नेहमीसारखा होता, शंकेचा लवलेश नव्हता.

शुक्रवारी संध्याकाळी मी डबा उचलून निघालो तेव्हा मॅडम खिडकीपाशी उभ्या होत्या. हातात रेषेचा कागद नव्हता, त्या गावाचे मूळ आकडे होते, न घासलेले.

"ही नर्स कधी शून्य पाठवत नाही," त्या म्हणाल्या. "गेली दोन वर्षं बघतेय. कधी दोन, कधी चार, पण काहीतरी असतंच. नदीकाठचं गाव, पोरांना जुलाब होणारच. आणि आता एकदम कुणालाच नाही? शेळकेभाऊ, गाव बरं झालं का गप्प झालं?"

मी म्हणालो, "सोमवारी फोन लावून बघू."

"तिथं फोन कुठंय. तुमची सासुरवाडी राहात्याकडची ना? रस्ता माहीत असेल."

रविवारी सकाळी त्या विहारात मुलींना गणित शिकवायच्या. तो वर्ग त्यांनी कधी चुकवल्याचं मला आठवत नाही. त्या रविवारी तो चुकवून त्या एसटी स्टँडवर माझ्या आधी येऊन उभ्या होत्या. खांद्याला पिशवी, पिशवीत घरात होती तेवढी जलसंजीवनीची पाकिटं. बसमध्ये त्या एवढंच बोलल्या, "काही नसलं तर तुमच्या सासूबाईंकडे जेवू आणि परत येऊ."

फाट्यावर उतरून चिखलातून चालत आम्ही गावात पोचलो. पहिल्यांदा जाणवली ती शांतता. शाळेच्या ओट्यावर माणसं आडवी पडली होती. कुणाच्या तरी ओळखीचा एक डॉक्टर राहात्याहून सकाळी येऊन सलाईन लावून जात होता. बाटल्या खिडकीच्या गजांना सुतळीनं टांगलेल्या. एक मध्यमवयीन बाई पोराला मांडीवर घेऊन वारा घालत बसली होती. मॅडमनी तिला विचारलं, "नर्सबाई कुठं राहतात?"

"त्या व्हय? त्या पडल्यात की. आमची उस्तवार करता करता त्यास्नीच लागलं. आठ दिस झालं, उठत न्हाईत."

"पाणी कुठलं पिता?"

"हिरीचं. वढ्याला पूर आल्ता तवा पानी आत उतरलं हुतं. पर दुसरं हाय कुठं?" तिनं पोराच्या अंगावरची माशी हाकलली. "सासरे गेले आमचे. मंगळवारी."

"कुणी लिहून घेतलं का?"

बाईनं मॅडमकडे जरा आश्चर्यानं पाहिलं. "कोन लिव्हनार? लिव्हनारीच आजारी हाय."

नर्सबाईंचं नाव कविता. उपकेंद्रामागच्या खोलीत खाटेवर पडल्या होत्या, ओठ सुकलेले, हाताला सुई. आम्ही नगरच्या कार्यालयातून आलोय म्हटल्यावर त्या उठायचा प्रयत्न करू लागल्या. "मॅडम, रिपोर्ट ऱ्हायला माझा. उद्या कुनाला तरी धाडते. मेमो नका काढू."

मॅडम खाटेच्या कडेला बसल्या. त्यांनी नर्सचा हात धरला. "पोचला तुमचा रिपोर्ट," त्या म्हणाल्या. "म्हणूनच आले."

बाहेर आल्यावर त्या उपकेंद्राच्या खांबाला टेकल्या. श्रीगोंद्याची बोली त्यांच्या तोंडून आईच्या गोष्टीशिवाय मी कधी ऐकली नव्हती, ती तेव्हा ऐकली. माझ्याशी नव्हे, स्वतःशीच म्हणाल्या, "मीच म्हनले हुते. टेंगूळ हाय म्हनून."

मी काहीतरी समजुतीचं बोलायला गेलो. त्यांनी हातानंच गप्प केलं आणि चालायला लागल्या. जवळचा फोन पुणतांब्याला. एका ट्रॅक्टरवाल्यानं आम्हाला तिथवर नेलं. एसटीडी बूथमधून मॅडमनी साहेबांच्या घरी फोन लावला. दार उघडंच होतं, त्यामुळे त्यांचं बोलणं मला ऐकू येत होतं आणि साहेबांचं काय चाललं असेल ते त्यांच्या बोलण्यावरून कळत होतं.

"नाही साहेब, टेंगूळ नाही. मी चुकले." थोड्या वेळानं, "उद्या नको, आज." मग बराच वेळ पलीकडून कुणी बोलत राहिलं. शेवटी मॅडम अगदी सौम्य आवाजात म्हणाल्या, "बरं साहेब. शेळके बातमी लिहायला बसलेत. तुमचं नाव घालायचं की नाही एवढंच विचारतायत."

मी बातमी लिहीत नव्हतो. मी भजी खात होतो.

दिवस मावळायच्या आत दोन जीप आल्या. डॉक्टर आले, सलाईनचे खोके आले, विहिरीत टाकायच्या टीसीएल पावडरच्या पिशव्या आल्या. साहेबांबद्दल एक गोष्ट मला इथे सांगितलीच पाहिजे. ओट्यावरची माणसं पाहून ते छडी आणि भाषण दोन्ही विसरले. सुतळी कमी पडली तेव्हा एका म्हातारीची सलाईनची बाटली त्यांनी स्वतः हात वर करून धरली आणि ती संपेपर्यंत धरून राहिले. विहीर उपसून घेतली. टँकर मागवला. पॅन्टचे पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं भरले होते, आणि त्या दिवशी त्यांनी फोटोग्राफर आणला नव्हता.

त्यानंतर त्या गावात कुणी दगावलं नाही. सासरे गेले होते त्या बाईचं पोर आठवड्याभरात शाळेच्या त्याच ओट्यावर गोट्या खेळायला लागलं. कविता सिस्टर उठून बसल्या. गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण आकडे अजून यायचे होते.

दुसरी नर्स नेमली गेल्यामुळे आता प्रत्येक रुग्णाची नोंद होऊ लागली. आसपासच्या वाड्यांवर पथकं गेली, तिथं आधीच आजारी असलेली माणसं सापडली, तीही लिहिली गेली. रेष सरळ वर निघाली. साहेबांच्या नोकरीत पहिल्यांदाच तांबडा ठिपका चढणीच्या पायथ्याशी पडला आणि ठिपक्यानंतर डोंगर उभा राहिला. एका स्थानिक वर्तमानपत्रानं मथळा दिला: 'साहेबांच्या भेटीनंतर रुग्णसंख्येत वाढ'. ती बातमी माझी नव्हती, पण तिची वाक्यरचना पाहून मला गलबलून आलं. शब्द न् शब्द माझाच होता, फक्त शेवट उलटा.

साहेबांनी मॅडमना बोलावलं. मीही कात्रण घेऊन मागे उभा.

"मॅडम, आजवर मी गेलो की साथ उतरायची. सगळ्या जिल्ह्याला माहीत आहे. तुमच्या सांगण्यावरून मी त्या चिखलात गेलो आणि हे बघा."

"साहेब, आकडे वाढले कारण आता कुणीतरी लिहितंय. माणसं वाचली. आणखी दोन आठवड्यांत रेष उतरेल."

"आणि तोवर मी काय सांगू वर?"

"खरं ते सांगा," मॅडम म्हणाल्या. "आजवर साथ आपली आपण उतरायची. या वेळेला तुमच्यामुळे उतरणार आहे."

माझ्या मते साहेबांच्या सबंध नोकरीत त्यांची कुणी केलेली ही सर्वात मोठी स्तुती होती. त्यांना ती तशी ऐकू आली नाही. रेष दोन आठवड्यांनी उतरली. त्याच आठवड्यात मॅडमच्या बदलीचा कागद आला: पारनेर, तातडीनं.

पारनेर म्हणजे शिक्षा, अशी आमच्या कार्यालयाची समजूत. पाऊस कमी, पाहुणे कमी, आकडे कमी. शिक्षा करणाऱ्यांनी एवढंच पाहिलं नव्हतं की मॅडमचे यजमान पारनेरच्याच शाळेत शिक्षक होते आणि कित्येक वर्षं दर शनिवारी एसटीनं नगरला येत होते. बदलीसाठी मॅडमनी तीनदा अर्ज केला होता, तिन्ही वेळा नामंजूर. निरोप समारंभात साहेब म्हणाले की पगारे मॅडमनी आपल्या जिल्ह्याचा आलेख सदैव गुळगुळीत ठेवला. टाळ्या पडल्या. कार्यालयातर्फे स्टीलचा डिनर सेट देण्यात आला. मॅडमनी आभाराचं एकच वाक्य म्हटलं: "लई गुळगुळीत झालं की समजावं, काहीतरी घासून गेलंय." सगळे हसले, साहेबही. सगळ्यांना तो विनोद वाटला.

वर्षा-दीड वर्षानं कामानिमित्त पारनेरला गेलो तेव्हा त्यांना भेटलो. बाजाराच्या मागे एका खोलीत त्यांचं कार्यालय. भिंतीवर तालुक्याचा तक्ता, आणि वर रेष, पण ती जागोजागी तुटलेली. मध्येच काही ठिकाणी नुसती पांढरी जागा.

"इथं शाई संपली का?" मी विचारलं.

"इथं लिहिणारं कुणी नव्हतं," त्या म्हणाल्या. "मी सगळ्या सिस्टरना सांगितलंय, आजारी असाल, रजेवर असाल, तर शून्य लिहायचं नाही. जागा रिकामी सोडायची. शून्य म्हणजे कुणी आजारी नाही. रिकामं म्हणजे आपल्याला ठाऊक नाही. दोन्ही लांबून सारखीच दिसतात, पण एक दरी असते आणि एक विहीर; विहिरीत वाकून बघावं लागतं."

"वरून काही बोलणी बसत नाहीत?"

"बसतात. रेष जोडून पाठवा म्हणतात. मी म्हणते, या आणि तुमच्या हातानं जोडून द्या. पारनेरला कोण येतंय."

यजमानांनी शाळेतून येताना पेरू आणले होते, त्यांनी ते मीठ लावून पुढे ठेवले. तेवढ्यात शिपाई त्या आठवड्याचे अहवाल घेऊन आला. मॅडमनी ते चाळले आणि एकाशी थांबल्या. डोंगरापलीकडच्या एका वाडीचा अहवाल, रकाना कोरा. त्यांनी चष्मा पुसला, पिशवी उचलली आणि यजमानांना म्हणाल्या, "जेवायला थांबू नका." मग माझ्याकडे वळल्या. "येताय का, शेळकेभाऊ? बस मिळते आत्ता."

मी गेलो. बसमध्ये त्या पिशवीतली जलसंजीवनीची पाकिटं पुन्हा पुन्हा मोजत होत्या. ते आधीचं गाव त्यांच्या डोळ्यांपुढून गेलेलं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. वाडीवर उतरलो तर समोर मांडव. ताशा वाजत होता. एक तरुण नर्स, अंगावर हळदीची पिवळी साडी, आम्हाला पाहून हातातलं ताट घेऊनच पळत आली. चेहरा पांढराफटक.

"मॅडम, तुम्ही? भावाचं लगीन हुतं वो. आठ दिस झालं सुटीचा अर्ज दिल्ता. तुमीच म्हनल्या, नसलं तर रिकामं सोडा, म्हनून सोडलं."

"बरोबर केलंस," मॅडम म्हणाल्या. "कुणी आजारी?"

"कुनीबी न्हाई. म्हातारा एक खोकतोय, त्यो बाराही महिने खोकतो."

मॅडमनी तरीही वाडीला फेरी मारली, दोन हंड्यांतलं पाणी पाहिलं, खोकणाऱ्या म्हाताऱ्याशी बोलल्या. मग आम्हाला कुणी सोडलं नाही. पंगतीत बसवलं, बुंदी वाढली, नको म्हटलं तरी पुन्हा वाढली. नवरदेवाच्या आईनं मॅडमच्या कपाळाला कुंकू लावायला हात पुढे केला, मग जरा थांबून विचारलं, "चालतं का बाई तुमाला?" मॅडम म्हणाल्या, "आज सगळं चालतं." आणि त्या हसल्या. चष्म्यामागे नव्हे, चांगलं दात दिसेपर्यंत. इतक्या वर्षांत मी त्यांना तसं हसताना पहिल्यांदाच पाहिलं, आणि शेवटचंही, कारण त्यानंतर माझी बदली झाली आणि आमची गाठ पडली नाही.

परतीच्या बसची वाट बघत आम्ही फाट्यावरच्या दगडावर बसलो होतो. मॅडमनी पिशवीतून त्या वाडीचा अहवाल काढला, मांडीवर पिशवीचाच आधार केला आणि कोऱ्या रकान्यात लिहिलं: 'सिस्टरच्या भावाचं लग्न. वाडी स्वतः पाहिली.' रकाना अरुंद होता. उरलेले दोन शब्द त्यांनी बाहेर समासात लिहिले: 'बरी आहे.'